पंचांसमक्ष एक डीव्हीडी

पुसदला मी सहा वर्षं ज्यांच्या घरात भाड्यानं राहिले, त्या घरमालकांनी पहिल्याच आठवड्यात मला नोटीस बजावली. बजावली म्हणजे स्वतःच आणून दिली. त्यांचं स्वयंपाकघर आणि माझ्या खोलीचं दार यांत सात पावलांचं अंतर. तेवढं चालून ते आले, पोचपावतीवर माझी सही घेतली आणि परत गेले. आत लिहिलं होतं :

'उत्तरेकडील भोगवटादार यांस. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आमचे राहते घरी डीव्हीडी तयार करण्याच्या सॉफ्टवेअरची पाहणी करण्यात येणार आहे. तरी आपण समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

मी तिथल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नव्यानंच लागले होते. नोटीस म्हटल्यावर खोली सोडावी लागणार असंच वाटलं होतं; पुढचं वाचून ती भीती गेली, पण काही कळलं नाही. कागद घेऊन मी घरमालकीण काकूंकडे गेले. त्या तूर निवडत होत्या.

"काकू, मी काय करायचं यात?"

"काही नाही वं पोरी," काकू म्हणाल्या. "पोहे खाले ये."

ते घरमालक काका गेल्या महिन्यात वारले. काकू आता लेकीकडे नागपूरला असतात. तेरवीचं जेवून बसनं परत येताना माझ्या ध्यानात आलं की, पुसद सोडून इतकी वर्षं झाली तरी मी नव्या खोलीत शिरले की आधी चारी भिंतींकडे बघते आणि मग आतल्या माणसांकडे. ही सवय माझी नव्हे. त्यांची.

काका भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. अर्ध्या जिल्ह्याची शेतं त्यांनी मोजली होती. शेत मोजण्याआधी लगतच्या चारी बाजूंच्या खातेदारांना नोटिसा द्यायच्या, ते आले की पंचांसमक्ष मोजायचं, कोणाची हरकत असली तर ती लिहून घ्यायची आणि हरकत मिटेपर्यंत पुढे सरकायचं नाही, ही त्या कामाची रीत. निवृत्त झाल्यावर काकांनी कार्यालय सोडलं, रीत सोडली नाही; घरात ती पहिल्यापासूनच होती. मिक्सर घेताना पाहणी झाली होती. मोरीची फरशी बदलताना पाहणी झाली होती. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे मुलीचं नाव ठेवतानाही झाली होती. पण तेव्हा पंचांपैकी एकाची हरकत आल्यामुळे मुलगी सव्वा महिना बिननावाची राहिली.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, दिशेनं मारत. पूर्वेला राठोड सर राहत, निवृत्त मुख्याध्यापक. ते 'पूर्वेचे'. पश्चिमेला शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. "पश्चिमेकडून विरजण आणा," असं काका म्हणत. उत्तरेला मी. दक्षिणेला रस्ता होता, म्हणून ती एक नोटीस ते फाटकाला चिकटवत. त्यामुळे अधूनमधून एखादा वाटसरूही आत येऊन पोहे खाऊन जाई आणि काका त्याचीही सही घेत.

एरवी ते बोलत ते शुद्ध सरकारी मराठी. रागावले की मात्र थेट वऱ्हाडीवर येत. मी ग्रंथालयात काम करते हे कळल्यावर त्यांनी विचारलं होतं, "पुस्तकं किती रनिंग फूट आहेत?" मी मोजली नव्हती. दुसऱ्या दिवशी मोजली.

"हद्द कळल्याशिवाय वस्तू कळत नाही," हे त्यांचं वाक्य होतं. ते वांग्यापासून विवाहापर्यंत कशालाही लागू होई.

निवृत्तीच्या आधी काही वर्षं त्यांनी एक हँडीकॅम घेतला होता आणि घरातल्या प्रत्येक प्रसंगाचं चित्रीकरण केलं होतं. अशा एक्केचाळीस टेपा होत्या. पण काकांची चित्रीकरणाची पद्धतही मोजणीचीच. कुठंही गेलं की आधी चतुःसीमा. कॅमेरा तिपाईवर चढवायचा, पूर्वेची भिंत घ्यायची, मग दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तर. आणि मग मधली माणसं. मुलीच्या लग्नात मंगल कार्यालय फार मोठं होतं. अंतरपाट दूर झाला तेव्हा काका अजून दक्षिणेलाच होते.

"हार घालताना जवायाचा चेहरा नाही टेपेमंदी," काकू मला सांगत होत्या. "जनरेटर आहे. चांगला धा मिनिट जनरेटर आहे."

"तो हद्दीवर होता," काका म्हणाले.

पुढे हँडीकॅम बिघडला. काकांनी टेपा गावातल्या एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे देऊन त्यांतलं सगळं संगणकात उतरवून घेतलं. उरलं होतं एवढंच की त्याच्या डीव्हीडी करायच्या, म्हणजे त्या टीव्हीवर लावून बघता येतील. डीव्हीडी करायला एक सॉफ्टवेअर लागतं. ते निवडायचं होतं. मी राहायला आले तेव्हा ते निवडण्याचं काम सुरू होऊन दोन वर्षं झाली होती.

काकांना हवी असलेली डीव्हीडी अशी होती. डीव्हीडी लावली की आधी एक पान दिसतं, त्यावर भागांची नावं असतात; रिमोटनं नाव निवडलं की तो भाग सुरू होतो. हे पान काकांना मोजणीच्या नकाशासारखं हवं होतं. चार कोपऱ्यांत चार नावं : सासर, लग्न, इतर आणि माहेर. काकूंचं माहेर उमरखेडजवळच्या एका खेड्यात, म्हणजे पुसदच्या दक्षिणेला. म्हणून 'माहेर' खालच्याच कोपऱ्यात हवं. आणि अक्षरं मराठीत.

एवढं एकही सॉफ्टवेअर धडपणे करत नव्हतं. त्यांची इंग्रजी नावं काकांच्या तोंडात बसत नसत, म्हणून नोकरीतल्या तालुक्यांची नावं त्यांनी त्यांना दिली होती. 'वणी' फुकट वापरून बघा म्हणायचं, पण डीव्हीडीवर मधोमध स्वतःचं नाव आडवं छापायचं. लग्नाच्या टेपेत ज्या दोन मिनिटांत नवरा-नवरी दिसत होते, तिथं ते नाव तिच्या कपाळापासून त्याच्या कानापर्यंत गेलं होतं. "हे सरळ अतिक्रमण आहे," काकांनी शेरा लिहिला. 'दिग्रस' मराठी अक्षरांच्या जागी चौकोन काढायचं. 'उमरखेड' सगळ्यांत देखणं होतं.

"पण सासुरवाडीसारखं आहे," काका पाहणीत म्हणाले. "या, बसा म्हणतं, आणि मग दर पायरीवर काहीतरी मागतं."

आतून झाऱ्याचा आवाज थांबला. "माह्या बापानं काय मागतलं वो तुमाले?" काकू दारात आल्या. "सायकल तर तुमी मागतली होती."

ते वाक्य काकांनी पंचनाम्यात घेतलं नाही.

आणि एक होतं 'झरी'. झरी जामणी या आडवळणी तालुक्याचा खडबडीत रस्ता जसा, तसं ते. उतरवून घ्यायलाच दोन दिवस लागले. दिसायला करडं, बिनसजावटीचं. पान वगैरे काही बनवायचंच नाही. डीव्हीडी आत सरकवली की थेट चित्र सुरू. "माणूस भला आहे," काका म्हणाले, "पण मेनू नाही म्हणजे नकाशा नाही. नामंजूर."

पाहणी होई ती अशी. संगणकासमोर काका, मागे तीन खुर्च्यांवर आम्ही पंच. तर्रीचे पोहे, चहा. काका नवं सॉफ्टवेअर चालवून दाखवत. शेवटी विचारत, "कोणाची हरकत?" मावशींची कधीच नसे, त्यांना हेम घालायला घरी जायचं असे. माझी नसे. राठोड सरांची प्रत्येक वेळी असे.

"काका, माझी हरकत आहे. अक्षरं जरा डावीकडे झुकली आहेत."

काका लिहून घेत आणि कार्यवाही पुढच्या महिन्यावर जाई. मला वर्षभरानं कळलं की पोहे जितके चांगले, तितकी सरांची हरकत गंभीर असते. एकदा मी त्यांना हळूच म्हटलं, "सर, एकदा होऊ द्या ना पूर्ण."

सर मिशीतल्या मिशीत हसले. "मॅडम, निकाल लागला की कोर्ट उठतं. मग आपल्याला कोण बोलावणार?"

याच सरांनी एकदा, काका नाकारणार हे माहीत असल्यानंच, पेन ड्राइव्हची गोष्ट काढली. सगळं त्यात घाला, टीव्हीला लावा, पाच मिनिटांचं काम. काका दुखावले. "पेन ड्राइव्ह हा खिशातून पडणारा ऐवज आहे," ते म्हणाले. "डीव्हीडीला परीघ असतो."

काकू या सगळ्यावर तोंड टाकत, पण पोहेही करत. "पोरीचं लगन आठ दिसात जमवलं," त्या म्हणत. "जवायाची काही पाहणी नाही अन् काही नाही. अन् या तबकडीले बाप्पा चार वर्सं!"

"जावई बदलता येतो का? नाही. मग पाहून काय उपयोग?" काका म्हणत. "डीव्हीडीचं तसं नाही."

काकूंना त्या एक्केचाळीस टेपांतली एकच बघायची होती. मायची. त्यांची आई वारून बरीच वर्षं झाली होती. घरात तिचा एक फोटो होता, तोही कुणाच्यातरी लग्नातला, गर्दीतला. त्यात नाकाच्या वरचा तिचा चेहरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं झाकलेला. मायची चालती-बोलती टेप मात्र होती.

"संगणकात आहेच ना ती," मी एकदा काकांना म्हटलं. "काकूंना तिथंच दाखवा की."

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी ग्रंथालयातलं पुस्तक फाडून नेलं होतं. "ते कच्चं रेकॉर्ड आहे," ते म्हणाले. "नकाशा पक्का झाल्याशिवाय पक्षकाराला प्रत देत नसतात." मग जरा खालच्या आवाजात, "आणि त्या टेपेत तसं काही नाही हो. वाया गेलेली टेप आहे ती. सगळ्यांत शेवटी घालणार आहे."

माझ्या चौथ्या वर्षी काकूंच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी त्यांचा धक्का लागून ताटं पडू लागली. मग दाराच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या. काका म्हणत, चाल सरळ नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेनं जाते, शेवटपर्यंत राहिली तर मधली राहते. गेलेली परत येत नाही. थेंब घालत राहा, किती दिवस टिकेल सांगता येणार नाही. काकूंनी हे मला भाजी चिरता चिरता सांगितलं. "नळीतून पाह्यल्यासारखं होते वं. मदलं दिसते, बाजूचं नाही."

"काकांना सांगितलंत?"

"त्याइच्यासंगच तं गेलती मी डॉक्टरकडं. त्याइनं कागदावर लिहूनबी घेतलं." त्यांनी चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "मले फक्त माय पाह्यची आहे. तेवढं झालं की मंग जाऊ दे कुटं जाते नजर."

मी काकांशी बोलले. बोलणं माझ्या स्वभावात नाही, पण बोलले. काकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नोटीस काढली. एरवी महिना सोडून पाहणी होई, ही आठवड्यातच. त्यांच्या लेखी ही प्रचंड घाई होती.

त्या रविवारी काका खुशीत होते. एक नवंच सॉफ्टवेअर सापडलं होतं. त्यात चारी नावं चारी कोपऱ्यांत बसली होती, अक्षरं मराठी होती, कुणाचं नाव मधे आडवं येत नव्हतं. त्यांनी नमुन्याची एक डीव्हीडीही केली होती. ती टीव्हीवर लावली, खरंच नकाशासारखं पान आलं. सरांनाही पटकन हरकत सुचेना.

"आज पक्षकाराच्या हस्ते," असं म्हणून काकांनी काकूंना बोलावलं, समोर बसवलं, हातात रिमोट दिला. "माहेर निवडा."

काकू बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुटं आहे?"

"आहे ना. चार नावं आहेत."

"इथं तं काहीच नाही. कोरा कागद आहे."

आम्ही सगळे हसलो. काकूंचा टोमणा आहे असंच वाटलं आम्हाला, काकाही हसले. काकू हसल्या नाहीत.

"खरंच नाही दिसून राह्यलं वो," त्या म्हणाल्या.

सर पोह्यांची बशी खाली ठेवून उठले. मावशीही उठल्या. निरोप न घेता दोघं गेले. मीही निघाले होते, पण काका म्हणाले, "उत्तरेचे, तुम्ही थांबा. लिहून घ्यायला कोणीतरी लागेल."

मग त्यांनी टीव्हीच्या काचेवर मधोमध बोट ठेवलं. "दिसतं?"

"दिसते."

बोट इंचभर उजवीकडे सरकवलं. "आता?"

"दिसते."

"आता?"

"नाही."

त्यांनी बोट तिथंच धरून ठेवलं आणि मला म्हणाले, "टिकली आणा." देवळीतल्या पाकिटातून मी टिकल्या आणल्या. जिथं बोट दिसेनासं झालं तिथं त्यांनी एक चिकटवली. मग पुन्हा मधून सुरुवात. डावीकडे, वर, खाली. काकू मान आणि नजर सरळ ठेवून शाळेतल्या मुलीसारख्या उत्तरं देत होत्या. चार टिकल्या लागल्या. काकांनी खिशातला मोजायचा टेप काढून त्यांच्यामधलं अंतर घेतलं, आडवं आणि उभं. मी लिहून घेतलं. हाताच्या पंजाएवढी जागा होती.

काकांनी माझ्या हातातला कागद घेऊन आकडे पुन्हा वाचले. जन्मभर त्यांनी माळरानं मोजली होती.

"क्षेत्र थोडं आहे," ते म्हणाले. "पण हद्द स्पष्ट आहे."

त्यानंतर त्यांनी नोटीस काढली नाही. पंच बोलावले नाहीत. त्याच दुपारी संगणकावर बसले आणि 'झरी' उघडलं. पान नाही, नावं नाहीत, कोपरे नाहीत; डीव्हीडी आत गेली की चित्र सुरू, डोळ्यांना काही शोधावं लागणार नाही. एकदा लाइन गेली. पंचनामा न करता त्यांनी पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंना पुन्हा टीव्हीपासून तितक्याच, हातभर अंतरावर बसवलं. त्या नवं लुगडं नेसल्या होत्या. टिकल्या काचेवर तशाच होत्या. काकांनी लग्नाचा भाग आधी घातला होता, त्यांना वाटलं काकूंना आवडेल. पण लग्नात माणसं इकडून तिकडे पळत होती. टिकल्यांच्या आत कोणी यायचं आणि काकूंनी "कोन व्हय हे?" म्हणेपर्यंत बाहेर निघून जायचं. लेक आली, गेली. कुणाचा तरी शेला आला, गेला. काकूंची मान त्यांच्यामागे फिरू लागली आणि मग फिरायची थांबली. जनरेटर तेवढा नीट दिसला.

"बंद करा," काकू म्हणाल्या.

"पुढे माय आहे," काका म्हणाले. ते माझ्याकडे वळून पुटपुटले, "पण ती वाया गेलेली आहे. मी सांगितलं होतं तुम्हाला."

आधी चार भिंती आल्या, माहेरच्या. मग एक अंगण आलं, त्यात एक लोखंडी खुर्ची, आणि खुर्चीवर आजी, काकूंची माय. डोक्यावर पदर, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर थेट समोर. मी वाट बघत होते की त्या आता बोलतील, हसतील. त्या हलल्याच नाहीत. मग मला कळलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हा फोटो नाही. फोटो काढताना हलायचं नसतं एवढं त्यांना माहीत होतं, आणि जावई काढतोय म्हणून त्या श्वास धरून बसल्या होत्या. काकांनी तिपाई लावून, मोजून, त्यांना बरोबर पडद्याच्या मधोमध घेतलं होतं. चारी टिकल्यांच्या आत त्यांचा चेहरा होता आणि तो कुठंही जात नव्हता.

काकू पुढे झुकल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"कपाळावरचं गोंदण तीन ठिपक्यांचं होतं," काकू हळूच म्हणाल्या. "मले दोनच आठवत होते."

आजींनी एकदा फक्त पापणी लववली, आणि लगेच ती चूक झाल्यासारखी नजर पुन्हा ताठ केली. काकू हसल्या. "भेते आहे ते. माय भेते आहे फोटोले."

चौथ्या मिनिटाला आजींनी ओठ अगदी थोडे हलवून विचारलं, "झाला का फोटो, जावईबापू?"

"झाला, झाला," टेपेतून काकांचा आवाज आला. "उठा आता."

आजी उठल्या आणि बाजूला झाल्या. टिकल्यांमध्ये खुर्चीची पाठ उरली.

काकू कितीतरी वेळ त्या खुर्चीकडे बघत बसल्या.

"साऱ्या जलमात एकडाव घाई केली तुमी," त्या म्हणाल्या, "अन् तेबी इथंच."

काका गुडघे टेकून प्लेअरपाशी बसले आणि चित्र मागे न्यायचं बटण दाबून धरलं. आजी उलट्या पावलांनी परत आल्या आणि खुर्चीत बसल्या.